दोन्ही पंख धरल्याशिवाय

ग्रीनॉक,
९ जानेवारी १९७२

प्रिय ऐल्सा,

तुझं पत्र मंगळवारी आलं. चार ओळींचं पत्र आणि पाकिटावर तिकिटांची रांग; हॅलिफॅक्सचं टपाल महागलेलं दिसतं. "जहाजाचं पुराण नको. माझे बाबा कसे गेले तेवढं लिहा. ते लिहायचं नसेल तर यापुढे काहीच लिहू नका," असं तू म्हणतेस.

तुझा राग मला कळतो. तुझ्या आईच्या, नेटाच्या मातीनंतर दुसऱ्या दिवशी तू नौदलाच्या कचेरीतून मागवलेला आमच्या जहाजाच्या इतिहासाचा तो कागद चहाच्या किटलीशेजारी ठेवलास. म्हणालीस, "काका, आई मला सांगायची, बाबांचं विमान जर्मनांनी पाडलं. इथं तर लिहिलंय, त्या फेरीत शत्रूनं एकही विमान पाडलं नाही. मग माझे बाबा गेले कुठे?" मी कोळसा आणायला उठलो. बादली काठोकाठ भरलेली होती, हे तूही पाहिलंस आणि मीही. मी परत आलो तेव्हा तू बॅग भरत होतीस.

आईला पुरून दोन दिवस झाले नाहीत तोवर मुलगी घर सोडून हॉटेलात गेली. गल्लीत सगळ्यांनी पाहिलं. मला कोणी काही विचारलं नाही. मला तसं कोणी विचारत नाही.

मला जहाजापासूनच सुरू करता येईल. तू चिडशील, पण दुसरीकडून मला रस्ता माहीत नाही.

'वझीर' हे मुळात लढाऊ जहाज नव्हतंच. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर एका गोदीत मालवाहू जहाज म्हणून त्याची बांधणी सुरू झाली. अर्ध्यात कोणीतरी ठरवलं की यावर विमानं उतरवायची. मग हातगाडीवर दार उपडं टाकावं तसं वर एक सपाट लाकडी डेक टाकलं आणि उसनवार म्हणून आम्हाला दिलं. मोठ्या विमानवाहू जहाजांवरचे लोक आम्हाला आगपेटी म्हणायचे, कारण पोटात सगळं पेट्रोल. आमचं काम राखणदाराचं. व्यापारी जहाजांचा काफिला मधे, आम्ही बाजूला, आणि आमची विमानं वर पाणबुड्या शोधत.

आता तुझा कागद पुढे ठेवून लिहितो. फेब्रुवारी १९४४, जहाज आमच्या ताब्यात. मार्च ते जुलै अटलांटिक, तीन काफिले. ऑगस्ट, दुरुस्ती. सप्टेंबर, उत्तरेला रशियाकडे पहिली फेरी. डिसेंबर, दुसरी फेरी, काफिल्यातली चौतीसच्या चौतीस जहाजं सुखरूप, शत्रूनं एकही विमान पाडलं नाही. १९४५, सिलोन आणि पूर्वेचा समुद्र. १९४६, अमेरिकेला परत.

डिसेंबर एका ओळीत आटोपला. कचेरीतल्या माणसाचं काही चुकलं नाही. चौतीसच्या चौतीस खरंच पोचली.

परवा गोदीत साडेपाच टनांचा बॉयलर उचलला. खालून मॅकफेल ओरडला, "सोड!" मी विचारलं, "सोडू?" तो म्हणाला, "सोड म्हटलं ना!" मी पुन्हा विचारलं. खालची सगळी पोरं हसली. पंचवीस वर्षं मी क्रेनवर आहे आणि पंचवीस वर्षं मला 'दोनदा-विचार रॅन्किन' म्हणतात. हे तुला का लिहिलं कोण जाणे.

इथं थंडी बेताची आहे. तुझ्या आईची खोली मी आवरलेली नाही.

हेक्टर

ग्रीनॉक,
२० फेब्रुवारी १९७२

प्रिय ऐल्सा,

तू पुन्हा लिहिलंस हेच पुष्कळ. पत्रभर शिव्याच आहेत, पण आहेत त्या माझ्याच वाटणीच्या. "तुम्ही मला सायकलसुद्धा धड शिकवली नाहीत. सीट धरून मागे पळायचात आणि 'सोडू का, सोडू का' विचारत राहायचात. मी 'सोडा' म्हणून किंचाळले तरी सोडायचा नाहीत. शेवटी शेजारच्या उनानं अर्ध्या तासात शिकवली." हे सगळं खरं आहे. उनानं तुला शिकवली त्या दिवशी मी खिडकीतून पाहत होतो. तिनं एकदाही विचारलं नाही, सरळ सोडून दिलं, आणि तू गेलीस. मला आत येऊन बसावं लागलं.

कॅलमबद्दल तू विचारतेस. कॅलम गिलीज आमच्याच जिन्यावर, दोन मजले वर राहायचा. शाळेत मी मार खायचो, तो मारायचा; म्हणून दोस्ती. बिनतारी यंत्राचं त्याला भारी वेड. भरती झाल्यावर त्याला विमानात मागच्या जागेवर टाकलं. समोर वैमानिक, मधे दिशा पाहणारा अधिकारी आणि सगळ्यात मागे, शेपटीकडे तोंड करून, बिनतारी आणि बंदूक सांभाळणारा कॅलम. विमान म्हणजे स्वोर्डफिश, एकावर एक दुहेरी पंखांचं कापडी धूड. माझी भरती डेकवरच्या टोळीत झाली. दोघं एकाच जहाजावर आलो तेव्हा तो म्हणाला, "बघ हेक्ट्या, मी आकाशात आणि तू फरशी पुसायला. देवाला माणसं कळतात."

तुझं बारसं तुला आठवणं शक्य नाही, तू दोन महिन्यांची होतीस. ३ डिसेंबर १९४४, रविवार. नौदलात रिवाज असा की जहाजावरच्या माणसाच्या मुलाचं बारसं जहाजाच्या घंटेत करायचं. घंटा खाली उतरवून उलटी करतात, तीत पाणी ओततात आणि पाद्री त्यातलंच पाणी मुलाच्या कपाळाला लावतो. मग मुलाचं नाव घंटेच्या आतल्या बाजूला कोरतात. एरवी ती उलटी ठेवायला लाकडी चौकट असते, पण उसन्या जहाजावर चौकट कुठली? म्हणून घंटा मी धरली. वजन असेल तेरा-चौदा किलो, वर पाण्याचं.

नेटा म्हणाली, "पोरीला पडसं झालं तर तुम्हा दोघांना याच घंटेत बुडवून काढीन."

कॅलम म्हणाला, "हेक्ट्या, हलू नकोस. पोरगी माझी असली तरी पाणी तुझ्याच बुटात जाणार आहे."

पाद्री आधीच वयस्कर, त्यात सर्दीनं बेजार. त्याला तुझं नाव तीनदा सांगावं लागलं. पाणी पडलं तेव्हा तू रडली नाहीस, शिंकलीस. सगळं डेक हसलं. मी हललो नाही. हे मला अजून चांगलं वाटतं, म्हणून लिहितो.

दोन दिवसांनी आम्ही निघालो.

आता माझं काम काय होतं ते सांगतो. डेकवर आडव्या तारा ताणलेल्या असतात. उतरणाऱ्या विमानाच्या शेपटीखाली एक हूक लोंबतो, तो तारेत अडकला की विमान थांबतं. मग मी धावत जाऊन तो हूक तारेतून सोडवायचा आणि हात वर करायचा, की विमान पुढे. एवढंच काम, पण त्याला एक नियम होता आणि तो भरतीच्या पहिल्या दिवशी आमच्याकडून बारा वेळा म्हणवून घेतला होता: दोन्ही पंख धरल्याशिवाय हूक सोडायचा नाही. स्वोर्डफिश हलकं असतं. डेकवर बर्फ असलं, जहाज डोलत असलं, की तारेशिवाय त्याला धरून ठेवणारं काही नसतं. म्हणून डावीकडून दोन माणसं, उजवीकडून दोन माणसं पंखांना लोंबकळतात, ओरडून सांगतात, आणि मगच हूक.

१३ डिसेंबरला दुपारी पावणेतीनला कॅलमचं विमान परत आलं. त्या भागात डिसेंबरात दुपारीही अंधारच असतो. डेकवर बर्फ होतं. विमान नीट उतरलं, तारेत अडकलं. मग जहाज डावीकडे कललं, विमान घसरलं आणि शेपटीकडून समुद्रात गेलं. वैमानिक उडी टाकून डेकवर पडला. मधला अधिकारी कडेच्या जाळीत अडकला. कॅलमच्या कमरेला साखळी होती. वाऱ्यानं फेकला जाऊ नये म्हणून मागच्या माणसाला विमानाच्या तळाच्या कडीला बांधतात. त्याला ती सोडवायला वेळ मिळाला नाही. मागून येणारी विनाशिका चार मिनिटांत तिथं पोचली. त्यांना एक चाक सापडलं.

चौकशी झाली. निकाल असा लागला: डेकवरचं बर्फ आणि समुद्राची अवस्था, कोणाचाही दोष नाही.

तर असे गेले तुझे बाबा. जर्मनांनी पाडलं नाही.

हेक्टर

ग्रीनॉक,
२६ मार्च १९७२

प्रिय ऐल्सा,

तुझ्या पत्रात या वेळी एकच ओळ आहे. "काका, हूक कोणी सोडला?"

मी सोडला.

हे पत्र मी तीन रविवार लिहितो आहे. पहिल्या रविवारी वरचे दोन शब्द लिहिले आणि फिरायला गेलो. आता बाकीचं लिहितो.

नौदलात रोज दुपारी बाराला प्रत्येक खलाशाला रम मिळते. ती त्याची त्यानंच प्यायची, दुसऱ्याला द्यायची नाही, असा कायदा. आणि कायद्याइतकीच जुनी चाल अशी की ती द्यायचीच. कोणाचा वाढदिवस असला, कोणी तुमची पाळी केली, की आपल्या पेल्यातला एक घुटका त्याला. उपकार मोठा असेल तर मोठा घोट. पोरगी झालेल्या बापाला आमच्या खोलीतली सगळी माणसं घुटका-घुटका देणार, हे बंदरातच ठरलं होतं. पण कॅलमचं रोज उड्डाण लागत होतं आणि उडण्याआधी तो थेंबही घेत नसे. त्यामुळे ते भिजत घोंगडं पडलं होतं.

१३ तारखेला लोक वैतागले. टेलफर नावाचा एक जण होता, डाव्या पंखाच्या माणसांपैकी. तो म्हणाला, "गिलीज, आज तरी पोरीचं तोंड गोड करतोस की पोरगी लग्नाला आल्यावर?"

कॅलम म्हणाला, "एक वाजता मला उडायचंय रे बाबांनो. माझ्या वतीनं हेक्ट्या पिईल. घंटा धरून त्याचे हात दुखले, त्याचा हक्कच आहे. हेक्ट्या, ऐल्साच्या नावानं. पण सगळं संपव हं, पोरीच्या नावाचं उष्टं ठेवायचं नाही."

चौदा माणसांचे चौदा घुटके. शिवाय कॅलमचा अख्खा पेला. शिवाय माझा. मी संपवलं. सगळ्यांनी टेबल बडवलं. कॅलमनं माझ्या पाठीत एक गुद्दा घातला आणि कपडे चढवायला गेला. त्यानंतर तो माझ्याशी बोलला नाही, म्हणजे तेवढा प्रसंगच आला नाही.

पावणेतीनला मी शुद्धीत होतो. झोकांड्या जात नव्हत्या. उलट मला फार छान वाटत होतं. थंडी लागत नव्हती. विमान तारेत अडकलं आणि मी सगळ्यांच्या आधी धावलो, कारण आत कॅलम होता आणि मला त्याला दाखवायचं होतं की मी केवढा चपळ आहे. तो शेपटीकडे तोंड करून बसलेला, म्हणजे माझ्याच समोर. त्यानं चष्मा वर केला आणि हसला. मी हूक सोडवला आणि हात वर केला. डावीकडे टेलफर अजून सहा पावलांवर होता. पंखाला कोणाचाच हात नव्हता.

विमान हळू गेलं, ऐल्सा. लोकांना वाटतं अशा गोष्टी झटकन होतात. दार लोटल्यासारखं ते हळू वळलं आणि मागे मागे सरकत गेलं. कॅलम माझ्याकडेच बघत होता. आधी त्याला वाटलं मी गंमत करतोय. मी शेपटी धरली. माझे हात घसरले.

चौकशीत कमांडरनं विचारलं, "हूक सोडण्याआधी दोन्ही पंख धरले होते?" मी म्हणालो, "होय, सर." टेलफरला विचारलं, तोही म्हणाला, "होय, सर." खरं सांगितलं असतं तर रमची गोष्ट निघाली असती आणि अख्खी खोली शिक्षेला गेली असती. असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. पण खोलीतल्या कोणी मला तसं सांगितलं नव्हतं. ते सगळे मूग गिळून बसले आणि मला वाट करून दिली. त्या वाटेनं मी गेलो.

जानेवारीत परत आल्यावर मी दोन मजले चढून गेलो. नेटाच्या कडेवर तू होतीस. तिनं विचारलं, "हेक्टर, तू होतास ना तिथं? कसं झालं?" मी म्हणालो, "जर्मनांनी पाडलं. त्याला काही कळलंसुद्धा नाही." तेव्हा तुझी आई तुझ्याशी खोटं बोललेली नाही. मी दिलेलं खोटं तिनं खरं समजून सत्तावीस वर्षं जपलं. तिच्यावरचा राग काढून टाक.

तिला कोळसा आणून दे, तिचा नळ दुरुस्त कर, असं करत दोन वर्षांनी आमचं लग्न झालं. लोक म्हणाले, मित्राच्या बायको-पोरीला सांभाळलं, सोन्यासारखा माणूस. मी ऐकून घेतलं.

तू एकदा म्हणालीस की मी लाकडाचा आहे. आहे खरा. त्या दुपारनंतर मला फारसं काही वाटेनासं झालं. लग्नात वाटलं नाही. नेटाच्या मातीला मी उभा होतो आणि खड्ड्याची कड ढासळतेय का तेवढं बघत होतो. १९६५ साली तू कॅनडाच्या बोटीत चढलीस तेव्हा थोडं वाटलं. तू कठड्याशी उभी होतीस, मी काही बोलतो का याची वाट बघत. मग धक्क्यावरच्या माणसानं दोर सोडला. मी त्याच्याशी भांडायला गेलो होतो, ते तू वरून पाहिलंस की नाही मला माहीत नाही.

मला लाज वाटते. हा शब्द लिहायला मला एक पूर्ण रविवार लागला.

आणखी एक चोरी आहे. १९४६ साली जहाज अमेरिकनांना परत केलं तेव्हा शेवटच्या तुकडीत मी होतो. सगळ्या सामानाची यादी होती आणि यादीत 'घंटा, एक' असं होतं. मी त्यांना धक्क्यावरच्या गोदामातली एक जुनी घंटा टांगून दिली आणि 'वझीर'ची घंटा कपड्यांच्या पिशवीत घालून आणली. ती कोळशाच्या खोलीत आहे, पोत्यांच्या मागे. त्या दिवशी मी उठून गेलो तो तिच्यापाशी गेलो होतो.

आत सहा मुलांची नावं आहेत. पाच सुतारानं कोरली आहेत, सुबक. सहावं तुझं. त्या फेरीत सुताराला वेळ मिळाला नाही, आणि नंतर कोणी आठवण करून दिली नाही. म्हणून ते मी खिळ्यानं कोरलं, वाकडंतिकडं.

यापुढे लिहू नका असं तू म्हणालीस तर लिहिणार नाही.

हेक्टर

ग्रीनॉक,
२८ मे १९७२

प्रिय ऐल्सा,

तुझी तार मिळाली. "दहा जूनला येते. घंटा न्यायला. घरी राहणार नाही." ठीक आहे. समुद्रकाठच्या त्या हॉटेलात खोली सांगून ठेवली आहे. पैसे तूच दे, म्हणजे तुला माझं काही लागणार नाही.

दोन महिने तुझं काही आलं नाही तेव्हा मी एक पत्र नौदलाच्या कचेरीला लिहिलं. १३ डिसेंबर १९४४ ला काय झालं आणि हूक कोणी सोडला ते सगळं, माझ्या सहीनं. विनंती केली की जहाजाच्या इतिहासात एक ओळ घाला. परवा उत्तर आलं, फार सभ्य आहे. आपल्या पत्राबद्दल आभार, पण या पत्रकात जहाजाच्या कामगिरीची नोंद असते, व्यक्तींची नसते. टेलफर कुठं असतो ते शोधलं, तर तो सहा वर्षांपूर्वीच गेला. म्हणजे मला विचारणारं आता तुझ्याशिवाय कोणी उरलं नाही.

'वझीर'चाही निकाल लागला. अमेरिकनांनी ते विकलं होतं. वरचं डेक काढून पुन्हा मालवाहू केलं, दोनदा नाव बदललं आणि पंचवीस वर्षं कॉफी आणि लाकूड वाहिलं. गोदीत जहाजांच्या बातम्यांचा एक कागद येतो. त्यात छापलंय की तैवानला काऊशुंगच्या बंदरात ते भंगारात निघालं. मी ते वाचलं आणि चहा प्यायलो.

तू आईच्या कबरीवर जाशील. दगडावर तिचं आडनाव रॅन्किन आहे. तुला गिलीज लावायचं असेल तर पाथरवटाशी मी बोलून ठेवलंय, तो बदलून देईल. तू सांगशील तसं.

घंटेबद्दल. मी ती पुसलेली नाही. तुला काळी मिळेल. नुसती टांगलेली पाहिलीस तर काही दिसणार नाही. नावं आत आहेत, आणि तुझं सगळ्यात खोल, जिथं खिळा कसाबसा पोचला. त्याच्या खाली आणखी दोन शब्द आहेत: 'कॅलमची मुलगी.' जहाजावर त्याचं नाव कुठं लिहिलेलं असेल तर तेवढंच.

ते एकट्याला वाचता येत नाही, मी करून पाहिलंय. एकानं घंटा उलटी धरायची आणि दुसऱ्यानं दिवा घेऊन वाकून वाचायचं. वजन तेवढंच आहे, माझे हात आता तेवढे राहिलेले नाहीत. तरी मी धरीन.

तू सावकाश वाच. या खेपेला तू सांगितल्याशिवाय मी सोडणार नाही.

हेक्टर